उरलेले साठ टक्के

आमचे मगनराव लाजले की आधी त्यांचे कान लाल होतात. चेहरा कोरा राहतो, मिशीसुद्धा हलत नाही, पण कान दगा देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून त्यांचे कान बघूनच घरातलं हवामान ओळखते.

लाजायला त्यांना फार मोठं कारण लागतं असंही नाही. मगन हे त्यांच्या आजोबांचं नाव. ते त्यांना जुनाट वाटतं, म्हणून दीपनगरच्या वीजकेंद्रात सगळीकडे 'एम. के. भामरे'. लग्नपत्रिकेतही तेच छापणार होते. मी म्हटलं, मग मी मेघाही फक्त 'एम.' छापते, लोक येतील आणि कुणाचं कुणाशी लग्न आहे ते विचारत बसतील. तेव्हा कुठे पूर्ण नाव छापलं.

ऑफिसात अक्कांचा फोन आला की हा माणूस खुर्चीतून उठून जिन्यात जातो. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कमलबाई. साक्रीजवळच्या एका खेड्यात राहतात. अक्कांशी अहिराणीतच बोलावं लागतं आणि ते कुणाच्या कानावर पडू नये असं यांना वाटतं. बॉयलर बंद पडला की रात्रंदिवस तिथं उभं राहणारा इंजिनीअर, ज्यानं हात वर केला की पाचपन्नास माणसं जागच्या जागी थांबतात, तो 'माले' आणि 'तुले' म्हणायला जिन्यात लपतो. मी फार चिडते यावर. भुसावळच्या शाळेत मी गणित शिकवते, त्यामुळे चिडायचा मला चांगला सराव आहे.

या लाजण्याचं मूळ मला सासूबाईंनी सांगितलं असतं, पण मी त्यांना पाहिलंच नाही. मगनराव लहान असतानाच त्या गेल्या. अक्का तेव्हा नुकत्या लग्न होऊन सासरी गेलेल्या. त्यांनी भावाला आपल्याकडे नेलं. नव्या सुनेनं सासरी भाऊ आणून ठेवायचा म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते अक्का कधीच सांगत नाहीत. साक्रीच्या शाळेत आठवीचे प्रवेश संपले होते. अक्कांनी परसातली भरताची वांगी तोडली, टोपली डोक्यावर घेतली आणि हेडमास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. 'मन्हा भाऊले शाळाम्हा घ्या' एवढंच म्हणायच्या आणि उठायच्या नाहीत. संध्याकाळी हेडमास्तरांनी टोपली आत घेतली आणि पोराचं नावही घातलं. वर्गातल्या पोरांना हे कळलं. पुढे शाळा संपेपर्यंत मगनराव 'वांग्या' होते.

अक्कांना मात्र त्या दिवसाचा फार अभिमान. कुणी नवीन पाहुणा आला की ही गोष्ट निघते, आणि गोष्ट निघाली की यांचे कान लाल.

तर अशा माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी एमबीए करावंसं वाटलं.

त्याचं झालं असं की मागच्या वर्षी त्यांच्या विभागावर स्वप्नील नावाचा नवा साहेब आला. यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. वागायला अतिशय चांगला, हे आधी सांगते. पण खर्चाची, कंत्राटांची चर्चा निघाली की तो म्हणायचा, "भामरे सर, तुम्ही टेक्निकल तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो." त्या 'बाकी'नं यांची झोप उडवली. घरी आले की जेवताना मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "मेघा, बाकी म्हणजे नेमकं काय गं?" मला काय ठाऊक? मी म्हणायची, बाकी म्हणजे वजाबाकीनंतर उरतं ते.

पुढे ते वर्तमानपत्राच्या आड पुस्तक धरून वाचायला लागले तेव्हा मला संशय आला. पेपर एकाच पानावर तासभर कसा उघडा राहतो म्हणून मी पलीकडून वाकून पाहिलं, तर आत प्रवेशपरीक्षेचं पुस्तक. कान लालभडक. जळगावला एका संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचं एमबीए होतं, त्याची तयारी चालली होती. "कुणाला सांगू नको," म्हणाले. "नाही झालं तर हसं होईल." जणू चोरीच पकडली होती मी.

प्रवेशपरीक्षा चांगली गेली. उरली मुलाखत, आणि तिला निम्मे गुण. मीच त्यांना जळगावला रिंगरोडवर पुनम मॅडमकडे नेलं. ही मुलगी पुण्याला मोठ्या कंपनीत होती, लग्न होऊन जळगावला आली आणि आता एमबीएला जाणाऱ्यांना प्रवेश मिळायची शक्यता किती ते सांगते, मुलाखतीची तयारी करून घेते. तिनं यांचे कागद पाहिले, मान डोलावली आणि म्हणाली, "सर, स्वतःबद्दल सांगा."

मगनरावांनी बॉयलरबद्दल सांगितलं. नळ्या कशा झिजतात, गळती आधी आवाजावरून कशी कळते, सगळं. पुनम मॅडम ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हे बॉयलरबद्दल झालं. तुमच्याबद्दल?" ते माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे पाहिलं. आठवीतल्या पोराला फळ्यापाशी उभं केल्यावर तो बाकावरच्या मित्राकडे बघतो ना, तसं चाललं होतं, आणि मी मित्र व्हायला तयार नव्हते.

"सर, अनुभव उत्तम आहे, मार्क उत्तम आहेत," शेवटी ती म्हणाली. "पण तिथे तुमच्यासारखे अनुभवी बरेच येतात. आणि तुम्ही कुठून आलात, इथवर कसे आलात, हे विचारलं की तुम्ही दार लावून घेता. आजच्या घडीला मी चाळीस टक्के म्हणेन. उरलेले साठ मुलाखतीच्या खोलीत आहेत, आणि तिथे धुळ्याच्या हेमलता मॅडम असतात."

हे चाळीस टक्के घेऊन आम्ही गाडीत बसलो आणि नेमका अक्कांचा फोन आला. गाडी चालवत असल्यामुळे जिना नव्हता. फोन मी स्पीकरवर टाकला.

"कितला टक्का पडनात रे भाऊ?" मी अक्कांना आधीच सांगून ठेवलं होतं की यांची काहीतरी परीक्षा आहे. मला कुठे एमबीएची लाज वाटत होती?

"चाळीस," मगनराव म्हणाले.

आयुष्यभर पहिल्या वर्गात पास झालेला भाऊ, आणि चाळीस. "म्हंजे कसाबसा पास," अक्का हळूच म्हणाल्या. "मंग उरेल साठ कोन देई?"

"तठल्या मॅडम. हेमलता मॅडम म्हनीसन शेतस, धुळान्या. भलत्या कडक शेतस," यांनी सांगून टाकलं आणि विषय मिटवला. त्यांना वाटलं मिटला.

मुलाखत कार्तिकातल्या एका रविवारी होती. मी सोबत गेले. निळा कोट, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. बाहेरच्या बाकांवर चाळीसेक उमेदवार बसलेले, बहुतेक तरणेताठे, लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन इंग्रजीत बोलत होते. यांचं नाव पुकारलं. ते आत गेले आणि जरा वेळानं एक मॅडम तेवढ्या बाहेर आल्या, शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या. मला काही उलगडेना. बऱ्याच वेळानं मगनराव आले. समोरच्या कार्यालयातल्या शिपायानं त्यांना थांबवलं आणि टेबलाखालची एक टोपली काढून त्यांच्या हातात दिली.

टोपलीत वांगी होती. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर मोठी. टोपली मी लगेच ओळखली, अक्कांची. वांगीही त्यांच्याच परसातली; बी माझ्या माहेरचं, यावलकडचं, मीच अक्कांना दिलेलं.

निळ्या कोटातला माझा नवरा वांग्यांची टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या सगळ्या बाकांच्या मधून चालत आला. कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी मोबाइल वर केला. कान तर लाल होतेच, पण त्या दिवशी मानही लाल झाली होती. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपली त्यांच्या हातातून घ्यावी हेसुद्धा मला सुचलं नाही.

नशिराबाद मागे पडलं. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. मुलाखत सुरू होण्याआधीच हेमलता मॅडम म्हणाल्या होत्या, "काल धुळ्याला देवपुरात माझ्या घरी एक बाई आल्या. माझ्या सासूबाई त्यांच्या गावाकडच्या निघाल्या. मी घरी नव्हते. सासूबाईंनी टोपली ठेवून घेतली. 'आमना मगनले संभाळी ल्या' असा निरोप आहे. भामरे सर, यात तुमचा हात नाही असं मी धरून चालते, पण तुमची मुलाखत मला घेता येणार नाही. वांगी मी परत आणली आहेत, जाताना घेऊन जा." आणि त्या उठून गेल्या. रागावल्या नव्हत्या, एवढं मगनराव दोनदा म्हणाले.

उरले दोघं. त्यातल्या वयस्कर सरांना यांची दया आली असावी. वातावरण हलकं करायला त्यांनी हसत विचारलं, "त्या बाई कोण तुमच्या?"

"मग?" मी विचारलं.

मगनराव काचेतून समोर बघत होते. "मी म्हटलं, गावाकडच्या ओळखीच्या आहेत."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली, ती त्यांनी घेतली नाही.

"त्यानंतर मला काही सुचलं नाही, मेघा. ते विचारत होते, माझ्या तोंडातून शब्द निघेना. मी 'ओळखीच्या' म्हणालो तेवढंच मला ऐकू येत होतं." मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून हा माणूस रडला. बाजूनं ट्रक जात होते आणि टोपली मागच्या सीटवर होती.

घरी आल्यावर टोपली त्यांनी वर आणली नाही, गाडीच्या डिकीत टाकली. चंपाषष्ठीपर्यंत त्यांच्या घरात कुणी वांगं तोंडात घालत नाही, तेव्हा शिजवायचा प्रश्नच नव्हता. मी शेजाऱ्यांना देऊ म्हटलं तर "कुठून आली म्हणून विचारतील" म्हणाले. पंधरा दिवसांनी मी डिकी उघडली, तर सगळी सुकून सुरकुतलेली. अक्कांच्या हातची वांगी मी कॉलनीच्या कचरापेटीत टाकली. टाकताना इकडेतिकडे बघत होते.

निकाल आला. नाव नव्हतं. मी संतापले होते आणि माझा सगळा संताप अक्कांवर होता. कोण सांगत होतं यांना धुळ्याला जायला? एवढ्या कष्टानं वाचलेलं, पेपराआड लपून वाचलेलं, सगळं एका टोपलीनं पाण्यात घातलं. यंदा चंपाषष्ठीला गेलो की तोंडावर सांगणार, असं मी ठरवूनच ठेवलं. मग पुनम मॅडमचा फोन आला. तिनं संस्थेत चौकशी केली होती. टोपलीसाठी त्यांनी यांचा एकही गुण कापला नव्हता. उलट मॅडम उठून गेल्या त्या यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच. "पण सर त्यानंतर बोललेच नाहीत म्हणे," ती म्हणाली. "साधं साधं विचारलं होतं. काय झालं होतं मॅडम?" मी म्हटलं, बरं नव्हतं त्यांना.

अक्कांच्या सुनेला, रोशनीला, मी निकाल तेवढा कळवला होता, टोपली परत आल्याचं नाही. त्यानंतर अक्कांचा फोन बंद झाला. दर दोन दिवसांनी वाजणारा फोन वाजेना. मगनरावही करेनात. मी म्हटलं, आता जिना मोकळा पडला असेल. त्यावर ते हसलेही नाहीत.

चंपाषष्ठीला आम्ही गेलो. दरवर्षी जातो, न जायला कारण काय सांगणार? अक्का अंगणात तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या जाळावर वांगी भाजत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पण नेहमीसारख्या धावत फाटकापर्यंत आल्या नाहीत. पदर सारखा करत तिथेच उभ्या राहिल्या. "उनात का?" आलात का, एवढंच म्हणाल्या, आणि परत जाळापाशी बसल्या. भावाकडे त्या बघत नव्हत्या. भाऊ त्यांच्याकडे बघत नव्हता. मी दोघांकडे बघत होते आणि मनात बांधून आणलेलं बोलणं कुठून सुरू करावं याचा विचार करत होते.

खंडोबाला नैवेद्य निघायचा होता. अक्कांनी पहिलं वांगं परातीत घेतलं, काळी साल काढली आणि बोटांनी ते उभं उघडलं. उघडून परात तोंडाजवळ नेली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. मग दुसरं उघडलं. मग तिसरं. मला वाटलं किडीचं बघतात.

"अक्का, काय देखी ऱ्हायनी?" मगनरावांनी विचारलं. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य.

"बिया," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "चंपाषष्टी व्हयेल नव्हती ना भाऊ, मी ती वांगा चाखेल नव्हतात. न चाखताच मॅडमले दी उनू. मंग तुन्हं नाव उनं नही, तवयपाशीन मन्हा जीवले घोर शे. बियाळ निंघनात व्हतीन. खाईसन त्या बाईनं तोंड कडू व्हयनं व्हई. मन्हामुळे तुन्हं गयं."

इतके दिवस अक्का हे उराशी धरून बसल्या होत्या. म्हणून फोन नव्हता. मी कसली वाक्यं जुळवून आणली होती, आणि या बाईला लाज कशाची वाटत होती, तर वांग्यात बिया असतील याची.

मगनराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. परातीतलं वांगं बोटानं चाचपलं. "एकबी बी नही, अक्का," ते म्हणाले. "लोनीगत शेतस." अंगणात रोशनी होती, शेजारची दोन माणसं तळी भरायला आली होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणी बोलत होते.

अक्कांनी प्रथमच वर पाहिलं. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मग कपाळावर आठी आली. "वांगा ते चांगला शेतस. मंग कमी काय पडनं?"

"मी कमी पडनू."

"तू कसा कमी पडशी? त्यासनी काय इचारं?"

मला वाटलं आता बॉयलर काढतील. पण ते म्हणाले, "त्यासनी इचारं, ती वांगा लयनारी बाई तुन्ही कोन शे?"

"मन्हं नाव निंघनं तठे?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले. सतरा वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं, बहुधा पदराखाली असतात म्हणून. एवढ्या मोठ्या कॉलेजात, कोटवाल्या साहेबांनी आपली चौकशी केली, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्या चिमटा हातात धरून हसायला लागल्या. "मंग? तू काय सांगं?"

जाळात काटक्या तडतडत होत्या. मगनरावांनी एक आत सरकवली. "माले सांगता उनं नही, अक्का."

"आरे येडा!" अक्का म्हणाल्या, आणि भाजलेल्या वांग्यानं काळे झालेले हात तसेच त्यांच्या पाठीवर मारले, निळ्या शर्टावर पाची बोटं उठली. "इतला सोपा सवाल इचारा, आनि तुले तोच उना नही? मन्ही अक्का शे, आसं सांगी देवानं ना!"

शेजारची माणसं हसली, रोशनी हसली. अक्का तर डोळे पुसून पुसून हसत होत्या, एवढा शिकलेला भाऊ आणि एवढंसं उत्तर येईना म्हणून. पुढच्या वर्षी विचारलं तर काय सांगायचं ते त्यांनी भावाकडून दोनदा म्हणून घेतलं. मगनरावांनी दोन्ही वेळा म्हटलं. मग नैवेद्य झाला, पानं वाढली, अक्कांनी पहिलं भरीत त्यांच्या ताटात वाढलं, आणि मगनराव जेवण होईपर्यंत मान खाली घालून बसले होते.